मॉर्मन पंथातील ईश्वरविचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उदयास आलेल्या मॉर्मन पंथाची ईश्वराच्या स्वरूपाविषयीची शिकवण. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे ह्या पंथाच्या प्रमुख संघटनेचे अधिकृत नाव असून ‘मॉर्मन’ हे नाव पंथीयांच्या बुक ऑफ मॉर्मन ह्या धर्मग्रंथावरून रूढ झाले. २०१८ पासून अधिकृत नावच वापरावे असा चर्चने आग्रह धरला आहे. तथापि अभ्यासग्रंथांत व सामान्य व्यवहारात जुने नाव अद्याप प्रचलित आहे. जोसेफ स्मिथ (२३ डिसेंबर १८०५–२७ जून १८४४) ह्याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेएट येथे ह्या चर्चची स्थापना केली. त्याचे मुख्यालय यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे असून चर्चच्या स्वतःच्या गणनेनुसार जगभरातील सदस्यांची संख्या १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे.

परंपरागत ख्रिस्ती धर्मशास्त्रात ईश्वर आणि मानव ह्यांच्यात स्रष्टा व सृष्ट असा मूलभूत भेद मानला जातो. मॉर्मन विचारानुसार हा भेद जातीचा नसून अवस्थेचा आहे. ईश्वर हा पूर्णत्व पावलेला पिता आणि मानव हे त्याच पूर्णत्वाकडे जाऊ शकणारे त्याचे अपत्य, म्हणजेच दोघेही सजातीय होत. ईश्वराचे सदेहत्व, जीवांचे अनादित्व, दुःखाची उपपत्ती, विवाहाला व कुटुंबाला मुक्तिमार्गात लाभलेले स्थान हे सर्व विचार ह्या एका भूमिकेशी निगडित आहेत. इतर अनेक ख्रिस्ती चर्चसंस्था मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य मानीत नाहीत, ह्याचेही एक प्रमुख कारण हीच भूमिका होय.

पार्श्वभूमी : पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्या तिघांना एकच ईश्वर कसे म्हणावयाचे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांत तीव्र वादाचा विषय होता. ३२५ मध्ये निकीया येथे भरलेल्या धर्मसभेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय दिला आणि ३८१ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने पवित्र आत्म्याचेही ईश्वरत्व स्पष्ट केले. एक तत्त्व आणि तीन व्यक्ती अशा सूत्राने हा त्रैक्यसिद्धांत पुढे रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट ह्या तिन्ही प्रवाहांनी स्वीकारला. ईश्वराने विश्व शून्यातून निर्मिले, तो निराकार, अवयवरहित व विकाररहित आहे, ही मतेही त्याच परंपरेत स्थिरावली. स्मिथच्या काळातील अमेरिकन प्रॉटेस्टंट समाजात ती सर्वसाधारणपणे गृहीत धरली जात असत.

मॉर्मन मतानुसार प्रेषितांच्या मृत्यूनंतर मूळ ख्रिस्ती चर्च लोप पावले. त्यानंतरच्या धर्मसभांनी ग्रीक तत्त्वज्ञानातील संकल्पनांच्या साहाय्याने ईश्वराचे जे वर्णन केले, ते बायबलमधील सजीव पित्याचे नव्हे, असे पंथीय मानतात. स्मिथकरवी ईश्वराने मूळ चर्चची पुनःस्थापना केली आणि त्याबरोबरच आपले खरे स्वरूपही पुन्हा प्रकट केले, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे ईश्वरस्वरूपाचा प्रश्न हा ह्या पंथाच्या अस्तित्वाच्या समर्थनाशीच जोडलेला आहे.

सिद्धांताचा विकास : न्यूयॉर्क राज्यातील पॅल्मायरानजीकच्या एका वनराईत १८२० मध्ये प्रार्थना करीत असता आपणास ईश्वरदर्शन झाले, असे स्मिथने सांगितले. ह्या प्रसंगाची त्याने दिलेली अनेक निवेदने उपलब्ध आहेत. १८३२ मधील सर्वांत जुन्या निवेदनात प्रभूच्या दर्शनाचा उल्लेख आहे; १८३८ मध्ये लिहावयास घेतलेल्या व पुढे धर्मग्रंथांत समाविष्ट झालेल्या निवेदनात पिता व पुत्र असे दोन पृथक् पुरुष दिसल्याचे स्पष्टपणे म्हटले आहे. पंथीयांच्या मते ही निवेदने परस्परपूरक आहेत. टीकाकार त्यांत विचारांतर पाहतात.

१८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुक ऑफ मॉर्मन ह्या ग्रंथात पिता व पुत्र ह्यांच्या एकत्वावर भर देणारी वचने आढळतात. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत अशा काही स्थळी किरकोळ पण अर्थपूर्ण बदल करण्यात आले. उदा., ख्रिस्ताच्या मातेला ईश्वराची माता म्हटले होते, तेथे ईश्वरपुत्राची माता असा पाठ घालण्यात आला. ओहायओ राज्यातील कर्टलंड येथे १८३४-३५ च्या हिवाळ्यात दिल्या गेलेल्या ‘श्रद्धेवरील व्याख्याने’ ह्या पाठमालेत पिता हा आत्मरूप व पुत्र हा सदेह असे वर्णन होते. ही पाठमाला १८३५ मध्ये डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स ह्या धर्मग्रंथात समाविष्ट झाली.

ह्यानंतर स्मिथच्या विचाराला निश्चित वळण मिळाले. २ एप्रिल १८४३ रोजी इलिनॉय राज्यात त्याने दिलेल्या उपदेशानुसार पित्याला मानवासारखाच मांस व अस्थी असलेला, स्पर्शगम्य देह आहे, पुत्रालाही तसाच देह आहे. मात्र पवित्र आत्मा हा आत्मरूप पुरुष आहे. हा उपदेश १८७६ च्या आवृत्तीत डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्समध्ये दाखल झाला. त्यामुळे पित्याला आत्मरूप म्हणणारी पाठमाला व त्याला सदेह म्हणणारा उपदेश ही दोन्ही सु. ४५ वर्षे एकाच ग्रंथात शेजारी नांदत होती. १९२१ मध्ये पाठमाला ग्रंथातून वगळण्यात आली. पंथीय ह्या क्रमाकडे टप्प्याटप्प्याने होणारे प्रकटीकरण म्हणून पाहतात, तर इतिहासकार त्याला स्मिथच्या धर्मविचाराची उत्क्रांती मानतात.

ईश्वरी त्रयी : मॉर्मन पंथ पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्या तिघांवर श्रद्धा ठेवतो, परंतु ते तीन स्वतंत्र पुरुष असून त्यांचे ऐक्य तत्त्वाचे नव्हे, तर हेतूचे, इच्छेचे व प्रेमाचे आहे असे मानतो. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात, पवित्र आत्मा कबुतराप्रमाणे अवतरत असलेला व पित्याची वाणी आकाशातून आलेली, हा शुभवर्तमानांतील प्रसंग त्यासाठी आधार म्हणून सांगितला जातो. त्याचप्रमाणे आपण व पिता जसे एक आहोत तसेच शिष्यांनीही एक व्हावे, अशी येशूने केलेली प्रार्थना उद्‌धृत केली जाते. शिष्य एकजीव होऊनही पृथक् व्यक्तीच राहतात; त्या अर्थीच पिता व पुत्र एक होत, असा ह्यामागील युक्तिवाद आहे.

तिघांची नामे व कार्ये ह्यांविषयी प्रारंभीच्या मॉर्मन लेखनात एकवाक्यता नव्हती. चर्चचे अध्यक्षमंडळ व बारा प्रेषितांचे मंडळ ह्यांनी ३० जून १९१६ रोजी प्रसृत केलेल्या निवेदनाने त्यांत सुसूत्रता आणली. जेम्स ई. टालमेज (१८६२–१९३३) ह्या विद्वान प्रेषिताच्या विवेचनाचा ह्या निवेदनावर प्रभाव आहे. त्यानुसार एलोहीम हे पित्याचे आणि यहोवा हे मानवजन्म घेण्यापूर्वीच्या येशू ख्रिस्ताचे नाव होय. म्हणजे जुन्या करारात मोशेशी बोलणारा यहोवा हा ख्रिस्तच ठरतो. उपासना व प्रार्थना मात्र पुत्राच्या नावाने पित्याला उद्देशूनच केली जाते.

ईश्वराचे सदेहत्व : पित्याचा देह हा मर्त्य नसून पुनरुत्थित, तेजस्वी व अविनाशी आहे. मानव ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हे बायबलमधील विधान मॉर्मन पंथ शब्दशः घेतो. स्मिथच्या १८४३ मधील आणखी एका वचनानुसार आत्मा हादेखील जडद्रव्यच असून तो अतिसूक्ष्म व शुद्ध असल्याने चर्मचक्षूंना दिसत नाही. साहजिकच जड व चेतन असे संपूर्ण द्वैत ह्या विचारात उरत नाही आणि देह हा आत्म्याचा तुरुंग न ठरता पूर्णत्वाची आवश्यक अट ठरतो. सदेह ईश्वर एकाच वेळी सर्वत्र कसा असेल, ह्या शंकेला त्याचे सामर्थ्य व त्याच्यापासून प्रसृत होणारा प्रकाश सर्वव्यापी आहे, असे उत्तर दिले जाते.

सृष्टी व जीव : शून्यातून निर्मिती ही कल्पना मॉर्मन पंथास अमान्य आहे. जडद्रव्य अनादी असून ईश्वराने त्याची रचना करून विश्व घडविले. स्मिथने १८३६ मध्ये कर्टलंड येथे जोशुआ सेइक्सस ह्या शिक्षकाकडे हिब्रू भाषेचे अध्ययन केले होते. उत्पत्तीच्या पहिल्या वचनातील निर्मितिवाचक हिब्रू क्रियापदाचा अर्थ रचना करणे असा आहे, असे तो पुढे प्रतिपादू लागला. १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुक ऑफ अब्राहम ह्या ग्रंथात तर सृष्टिरचनेचे कार्य अनेक देवांनी केल्याचे वर्णन आहे. १८३५ मध्ये खरेदी केलेल्या ईजिप्शियन पपायरसांवरून आपण तो भाषांतरित केला, असे स्मिथचे म्हणणे होते. ह्या पपायरसांचे काही तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयाकडून चर्चला मिळाले. ते प्राचीन ईजिप्तमधील अंत्यविधिविषयक लेखन असल्याचे तज्ज्ञांनी दाखवून दिले. तुकड्यांवरील मजकूर ग्रंथाशी जुळत नाही हे चर्चनेही २०१४ मध्ये मान्य केले. तथापि ग्रंथाचे प्रामाण्य कायम ठेवले.

१८३३ मधील एका प्रकटीकरणानुसार मानवातील ‘प्रज्ञा’ निर्माण केलेली नाही व निर्माण करता येणारही नाही. ह्या अनादी प्रज्ञेला ईश्वराने आत्मरूप दिले, असे सामान्यतः समजले जाते. पृथ्वीवर जन्मण्यापूर्वी सर्व मानव पित्याची आत्मरूप अपत्ये म्हणून त्याच्या सान्निध्यात राहत होते. पृथ्वीवरील आयुष्य हे देह धारण करून, स्वातंत्र्य वापरून, अनुभवाने शिकण्यासाठी आहे. येशू हा ह्या अपत्यांतील ज्येष्ठ असून त्याच्या प्रायश्चित्तामुळेच मानवाला पापमुक्ती व पुनरुत्थान लाभते.

दुःखाचा प्रश्न : सर्वशक्तिमान व दयाळू ईश्वराच्या सृष्टीत दुःख व दुष्टता का असावीत, हा ईश्वरवादापुढील जुना प्रश्न आहे. ईश्वराने सर्व काही शून्यातून निर्मिले असेल, तर दुष्टतेचे अंतिम उत्तरदायित्व त्याच्याकडे जाते. जडद्रव्य, जीव व त्यांचे स्वातंत्र्य हीच जर अनादी असतील, तर हे उत्तरदायित्व बऱ्याच अंशी टळते. बी. एच. रॉबर्ट्‌स (१८५७–१९३३) व तत्त्वज्ञ स्टर्लिंग मॅकमरिन (१९१४–९६) ह्यांनी हा मुद्दा विशेषत्वाने मांडला. १८३० च्या अखेरीस स्मिथने लिहविलेल्या एका भागात हनोख ह्या संदेष्ट्याला मानवांच्या दुष्कृत्यांनी व्यथित होऊन रडणारा ईश्वर दिसतो. विकाररहित ईश्वराच्या कल्पनेशी हे चित्र अगदी विरोधी आहे. अपत्यांच्या दुःखाने व्यथित होणारा पिता हे मॉर्मन भक्तिभावनेचे केंद्र होय. मात्र अशा ईश्वराचे सामर्थ्य अनादी जीवांनी व नियमांनी मर्यादित होते. मग त्याने दिलेले अंतिम विजयाचे वचन कितपत विश्वसनीय मानावे, असा आक्षेप घेतला जातो. ईश्वर सर्वसमर्थ आहे, परंतु कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून त्याला पूर्ण करणे हे प्रेमाशी विसंगत असल्याने तो तसे करीत नाही, असे त्यावर पंथीयांचे उत्तर असते.

ईश्वराचा पूर्वेतिहास व मानवाची परमोन्नती : ७ एप्रिल १८४४ रोजी नॉव्हू येथे सहस्रावधी श्रोत्यांपुढे स्मिथने केलेले प्रवचन ह्या विचाराचा कळस मानले जाते. किंग फॉलेट ह्या अनुयायाचा विहिरीच्या कामात दगड पडून नुकताच मृत्यू झाला होता. त्याच्या निमित्ताने बोलताना स्मिथने ईश्वर स्वतः एकेकाळी मानव होता व मानवालाही ईश्वरपदास पोहोचण्यास शिकावयाचे आहे, असे प्रतिपादन केले. मृत आप्तांची पुन्हा भेट होईल काय, ह्या शोकाकुलांच्या प्रश्नाला हे उत्तर होते : जीव अनादी असल्याने त्याला अंतही नाही. प्रवचनाची लिखित संहिता नव्हती. चौघांनी घेतलेल्या टिपणांवरूनच ते ज्ञात आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथची हत्या केली. हे प्रवचन प्रमाणग्रंथांत समाविष्ट नाही. पण त्याचा प्रभाव मोठा आहे. पुढे चर्चचा अध्यक्ष झालेल्या लोरेन्झो स्नो (१८१४–१९०१) ह्याने हाच आशय एका प्रसिद्ध द्विपदीत बांधला.

मृत्यूनंतर बहुतेक सर्व मानवांना तीनपैकी कोणत्या ना कोणत्या तेजोलोकात स्थान मिळते, असे १८३२ मधील एका प्रकटीकरणात म्हटले आहे. त्यांपैकी सर्वोच्च लोकातील परमोन्नत अवस्था ही ईश्वरसदृश जीवनाची होय. ती एकट्याने प्राप्त होत नाही. मंदिरात ‘सीलिंग’ ह्या विधीने पती-पत्नी अनंत काळासाठी बांधली जातात व अपत्येही त्यांच्याशी जोडली जातात. मृत पूर्वजांसाठी प्रतिनिधीद्वारा केला जाणारा बाप्तिस्मा व वंशावळींचे प्रचंड संकलन ह्यांमागेही हीच प्रेरणा आहे. परमोन्नत मानव पित्याची जागा घेत नाही. तो सदैव पित्याच्या अधीन व त्याचा उपासकच राहतो, असे चर्च आवर्जून सांगते. १९९७ मध्ये वृत्तपत्रांना दिलेल्या मुलाखतींत अध्यक्ष गॉर्डन बी. हिंक्ली (१९१०–२००८) ह्यांनी ईश्वर पूर्वी मानव होता ह्या मतावर भर देण्याचे टाळले. मानवाची ईश्वरसदृश होण्याची शक्यता मात्र चर्चच्या २०१४ मधील निबंधातही ठामपणे मांडलेली आहे.

स्वर्गीय माता : पित्याबरोबर माताही असली पाहिजे, हा विचार वरील सिद्धांतातून ओघानेच येतो. एलायझा आर. स्नो (१८०४–८७) ह्या कवयित्रीच्या १८४५ मधील स्तोत्रात तो प्रथम ठळकपणे प्रकट झाला. १९९५ च्या कुटुंबविषयक घोषणापत्रात मानव ही स्वर्गीय मातापितरांची अपत्ये असल्याचे म्हटले आहे. तथापि मातेची प्रार्थना करणे चर्चला संमत नाही व तिच्याविषयी अधिकृत शिकवणही अत्यल्प आहे. ज्या पंथात ईश्वरत्व हे स्त्री-पुरुष युग्माचे मानले जाते, तेथेच मातेविषयी मौन पाळले जावे, ही विसंगती मॉर्मन स्त्रीवादी लेखिकांनी १९७० नंतरच्या काळात वारंवार पुढे आणली.

पंथांतर्गत मतभेद : ईश्वर ज्ञानात अद्याप वृद्धिंगत होत आहे काय, हा जुना वाद आहे. ब्रिगम यंग (१८०१–७७) ह्याच्या मते ईश्वराची प्रगती अखंड चालू आहे. ऑर्सन प्रॅट (१८११–८१) ह्याने ईश्वराचे ज्ञान परिपूर्णच असले पाहिजे असा आग्रह धरला व त्यासाठी ज्येष्ठांचा रोष ओढवून घेतला. पुढे १९८० मध्ये ब्रूस आर. मकॉन्की (१९१५–८५) ह्या प्रेषिताने ईश्वराचे ज्ञान वाढते हे मतच पाखंड ठरविले. यंगने १८५२ मध्ये मांडलेले, आदाम हाच मानवांचा पिता व ईश्वर होय असे मतही टिकले नाही; अध्यक्ष स्पेन्सर डब्ल्यू. किंबल (१८९५–१९८५) ह्यांनी १९७६ मध्ये त्याचा जाहीर निषेध केला. स्मिथच्या अनुयायांपैकी जे यूटाला गेले नाहीत, त्यांपैकी एका गटाने १८६० मध्ये स्मिथच्या पुत्राच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र चर्च उभारले. ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ हे नाव २००१ पासून धारण केलेल्या ह्या चर्चने त्रैक्यसिद्धांत स्वीकारलेला आहे.

इतर चर्चसंस्थांची भूमिका : मॉर्मन बाप्तिस्मा पाण्यात बुडवून व पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने दिला जातो. बाह्यतः तो अन्य ख्रिस्ती बाप्तिस्म्यासारखाच आहे. तरीही अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चने २००० मध्ये व रोमन कॅथलिक चर्चने ५ जून २००१ रोजी तो ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. शब्द तेच असले, तरी ती नावे ज्यांना उद्देशून उच्चारली जातात त्यांविषयीची धारणा मूलतः भिन्न आहे, असे कॅथलिक निर्णयाचे कारण होते. ह्यामुळे मॉर्मन व्यक्तीने त्या चर्चमध्ये प्रवेश घेतल्यास तिला नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागतो. दुसऱ्या बाजूने मॉर्मन चर्चही इतरांचा बाप्तिस्मा मानीत नाही. कारण आवश्यक तो पौरोहित्याधिकार केवळ आपल्याकडेच आहे, असे त्याचे मत आहे. आपण ख्रिस्ताला तारक मानतो म्हणून आपण ख्रिस्ती आहोत, असे मॉर्मन म्हणतात. निकीयाचा सिद्धांत नाकारणाऱ्यांना ख्रिस्ती म्हणता येत नाही, असे अनेक विरोधक म्हणतात. अनेकेश्वरवादाचा आरोपही केला जातो. त्यावर उपास्य एकच, ईश्वरत्वाची पात्रता मात्र अनेकांना, असा खुलासा करण्यात येतो.

भारतीय संदर्भ : मॉर्मन प्रचारक १८५१ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. १८५२ मध्ये ह्यू फिंडले मुंबईत आला व पुढे त्याने पुण्यातही कार्य केले. परंतु हे प्रयत्न अल्पजीवी ठरले. भारतातील कार्याचे स्वतंत्र केंद्र बंगलोर (बंगळुरू) येथे १९९३ मध्ये स्थापन झाले व तेथे मंदिर उभारण्याची घोषणा २०१८ मध्ये करण्यात आली. तात्त्विक दृष्ट्या जीवांचे अनादित्व व पूर्णत्व पावण्याची त्यांची क्षमता ह्या बाबतींत मॉर्मन मताचे जैन दर्शनाशी काही साम्य दिसते. मात्र जैन दर्शनात तारक ईश्वराला स्थान नाही व मुक्तावस्था देहरहित मानली जाते. अद्वैताशी असलेले साम्य केवळ वरवरचे आहे. तेथे जीव व ब्रह्म ह्यांचा भेदच मिथ्या ठरतो. मॉर्मन विचारात पिता व अपत्य हे अनंत काळ पृथक् राहतात आणि त्यांचे प्रेमाचे नातेही तसेच टिकते.

मूल्यमापन : मॉर्मन ईश्वरविचाराने ईश्वराला मानवाच्या निकट आणले आणि मानवाच्या भवितव्याविषयी विलक्षण आशावाद निर्माण केला. त्यासाठी ईश्वराचे निरपेक्षत्व, त्याची अनन्यता व सृष्टीहून असलेली त्याची संपूर्ण भिन्नता ह्यांचा त्याग करावा लागला. परंपरागत ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या दृष्टीने अशा ईश्वराला ईश्वर म्हणणेच कठीण आहे. मॉर्मन श्रद्धेच्या दृष्टीने मात्र जो पिता आपल्या अपत्यांशी सजातीय नाही, त्याला पिता म्हणण्यात अर्थ उरत नाही. दोन्ही परंपरा एकाच बायबलचा आधार घेतात. त्यांच्यातील खरा मतभेद पितृत्व ह्या शब्दाचा अर्थ किती शब्दशः घ्यावयाचा ह्याविषयी आहे.